आउटलुक-थंडरबर्ड उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचे ऑफिस असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो की खानापूरकडची एखादी पतसंस्था, बऱ्याच ठिकाणी अजून मेल ब्राउझरमध्ये नव्हे, आउटलुकमध्ये किंवा थंडरबर्डमध्येच बघतात. त्यात गैर काही नाही. आठ-दहा वर्षांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग, बँकेची पत्रे एका जागी सापडतात आणि नेट गेले तरी जुना मेल उघडतो. पण एखाद्या सकाळी चित्रावर दोनदा क्लिक करूनही काहीच झाले नाही, की शेजारच्या टेबलावरून ठरलेला सल्ला येतो: "काढून परत टाक," नाहीतर "फॉरमॅट मार."

हे दोन्ही सल्ले शेवटच्या पायरीचे आहेत, पहिल्या नव्हे. प्रोग्रॅम एका जागी असतो (सी ड्राइव्हमधले प्रोग्रॅम फाइल्स) आणि तुमचा मेल व सेटिंग्ज दुसऱ्या जागी, तुमच्या युजर फोल्डरमध्ये. बिघाड बहुतेक वेळा या दुसऱ्या जागी असतो. त्यामुळे प्रोग्रॅम काढून परत टाकला तरी तो तीच बिघडलेली फाइल उघडायला जातो आणि तिथेच अडतो. फॉरमॅट मारला तर अडचण जाते खरी, पण मेलही जातो.

आधी बघा, बंद नेमके काय आहे

विंडोजमधले जुने "मेल" नावाचे ॲप वापरत असाल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. मायक्रोसॉफ्टने ते ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केले. त्यातून आता मेल येत नाही, जात नाही. दुसरा प्रोग्रॅम टाकून खाते त्यात जोडायचे, एवढेच काम.

आउटलुकही आता दोन आहेत. विंडोज ११ सोबत येते ते नवे आउटलुक आणि ऑफिससोबत येते ते जुने, म्हणजे क्लासिक. स्टार्ट मेनूत जुन्याच्या नावापुढे बहुधा "क्लासिक" लिहिलेले असते. दोघांचे इलाज वेगळे. पुढे नुसते "आउटलुक" म्हटले आहे ते क्लासिक समजा.

उघडले आहे, पण दिसत नाही असे तर नाही ना?

खालच्या पट्टीवर प्रोग्रॅमचे चित्र आहे, त्याखाली रेघही आहे, पण खिडकी नाही. मशिनला आधी प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर खिडकी त्या गेलेल्या पडद्यावर उघडलेली असते. चित्रावर माउस थांबवा. छोटी खिडकी वर येईल, तिच्यावर उजवी क्लिक करून मॅक्झिमाइज निवडा. खिडकी समोर येते.

चित्रच नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत आउटलुक किंवा थंडरबर्ड दिसते का बघा. दिसत असेल तर काल बंद करताना ते पूर्ण बंद झालेलेच नाही, म्हणून नवे उघडत नाही. इथे एक गोष्ट सांभाळा. लगेच एंड टास्क मारू नका. त्या ओळीतला डिस्कचा आकडा दोन-तीन मिनिटे बघा. आकडा हलत असेल तर प्रोग्रॅम फाइलमध्ये काहीतरी लिहीत आहे. जुन्या हार्ड डिस्कवर पंधरा-वीस जीबीची मेल-फाइल असेल तर हे काम पाच-दहा मिनिटेही चालते. लिहिणे चालू असताना प्रोग्रॅम मारला तर साधी अडचण खऱ्या बिघाडात बदलते. आकडा शून्यावर बसलेला असेल तरच एंड टास्क.

मग मशिन रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू करणे म्हणजे तेच नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असते, त्यामुळे शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

त्याच वेळी सी ड्राइव्हवर किती जागा उरली तेही बघा. पट्टी लाल झाली असेल तर आधी रिसायकल बिन आणि डाउनलोड्स साफ करा. जागा नसली की दोन्ही प्रोग्रॅम उघडता उघडता गप होतात आणि कारणही सांगत नाहीत.

मेलची कॉपी घ्या, मगच हात लावा

यापुढच्या प्रत्येक पायरीआधी कॉपी हवी. कशाची, ते खाते कोणत्या प्रकारचे आहे त्यावर ठरते. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतो आणि तुमच्या मशिनवर फक्त त्याची नक्कल. पॉप असेल तर मेल मशिनवर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो, सेटिंग बदललेले नसेल तर साधारण १४ दिवसांनी. कंपनीच्या स्वतःच्या नावाचे मेल-खाते असलेल्या लहान कारखान्यांत पॉप फार आढळते, कारण सर्व्हरवरची जागा कमी मिळते. अशा ठिकाणी मशिनवरची फाइल हीच एकमेव प्रत असते.

आउटलुक उघडत नसतानाही खात्याचा प्रकार बघता येतो. कंट्रोल पॅनेल उघडा, उजवीकडे वर व्ह्यू बाय मध्ये स्मॉल आयकॉन्स निवडा, त्यातले मेल उघडा, मग ईमेल अकाउंट्स. खात्यापुढे पॉप किंवा आयमॅप लिहिलेले असते. शेजारच्या डेटा फाइल्स टॅबवर फाइल कुठे आहे तो पत्ता आणि ती थेट उघडायचे बटणही मिळते. पीएसटी (आउटलुकची मेल साठवायची फाइल) असेल तर तिची कॉपी घ्यायलाच हवी. ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते. ओएसटी फाइल ही सर्व्हरची नक्कल असते. ती दुसऱ्या मशिनवर नुसती नेऊन उघडत नाही, तिच्यासाठी जीव काढू नका.

थंडरबर्डसाठी विंडोज कळ आणि आर दाबून रनची चौकट उघडा. त्यात टक्क्याचे चिन्ह, मग इंग्रजी अक्षरांत ॲपडेटा, मग पुन्हा टक्क्याचे चिन्ह टाइप करून एंटर मारा. थंडरबर्ड नावाचे अख्खे फोल्डर कॉपी करा. त्यातल्या प्रोफाइल्समध्ये मेल, पत्ते, पासवर्ड, सगळे असते.

कॉपी पेन ड्राइव्हवर घेताना "फाइल फार मोठी आहे" असा संदेश आला आणि पेन ड्राइव्हवर जागा तर भरपूर आहे, तर पेन ड्राइव्ह फॅट-३२ आहे. त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. हा फॉरमॅट पेन ड्राइव्हचा, मशिनचा नव्हे.

टाइप करण्याआधी कळफलक बघा

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या. आपल्या भागात एकाच मशिनवर इंग्रजी, कन्नड, मराठी असे तीन कळफलक सर्रास असतात. रनच्या चौकटीत आज्ञा कन्नड किंवा देवनागरी अक्षरांत उमटली तर विंडोज सरळ "सापडत नाही" म्हणते, आणि आपण समजतो प्रोग्रॅमच उडाला. विंडोज कळ धरून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो. घड्याळाशेजारी इंग्रजी दिसेपर्यंत दाबा. नुडी (कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर) चालू असेल तर तेवढ्यापुरते बंद करा.

आउटलुक: पायरीपायरीने

कंट्रोल कळ दाबून धरा आणि आउटलुकच्या चित्रावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचे का, असे विचारेल, हो म्हणा. हेच रनमधूनही होते: आउटलुक डॉट ईएक्सई, मग एक मोकळी जागा, मग स्लॅश आणि त्याला चिकटून सेफ.

सेफ मोडमध्ये उघडले तर मेलची फाइल बहुधा ठीक आहे आणि दोषी कोणीतरी ॲड-इन आहे. अँटिव्हायरस, पीडीएफ बनवणारे सॉफ्टवेअर, मीटिंगची ॲप्स ही सगळी आउटलुकमध्ये आपापला तुकडा घुसवतात आणि त्यातला एक जरी जुना झाला तरी उघडताना सगळे अडते. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या वाटेने जा. तळाशी मॅनेजपुढे कॉम ॲड-इन्स निवडून गो दाबा. कुठे कुठे खुणा आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग सगळ्या खुणा काढा आणि आउटलुक नेहमीसारखे उघडा. उघडले की एकेक ॲड-इन परत लावत जा. ज्याला लावल्यावर परत अडेल तो चोर. सगळी एकदम लावायची घाई केली तर केलेले काम वाया जाते.

"आउटलुकची खिडकी उघडता येत नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल तर बऱ्याचदा डावीकडच्या फोल्डर-पट्टीची सेटिंग-फाइल बिघडलेली असते. लिहिता लिहिता करंट गेला की ही छोटी फाइल शून्य केबीची होऊन बसते. रनमध्ये आउटलुक डॉट ईएक्सई, मोकळी जागा, स्लॅश आणि त्याला चिकटून रिसेटनॅव्हपेन. रिसेट, नॅव्ह, पेन हे तीन तुकडे एकत्र, आणि पेनचे स्पेलिंग पी-ए-एन-ई. डावीकडे वर ओढून ठेवलेले आवडते फोल्डर यात पुसले जातात, मेलला धक्का लागत नाही.

तरी उघडत नसेल तर नवे प्रोफाइल करून बघा. प्रोफाइल म्हणजे कोणते खाते, कोणती फाइल, कोणता सर्व्हर याची नोंद.

१. कंट्रोल पॅनेलमधल्या मेलमध्ये शो प्रोफाइल्स दाबा.
२. ॲड दाबून काहीही साधे नाव द्या. जुने प्रोफाइल काढू नका.
३. खात्याची माहिती भरा. पॉप असेल तर "एक्झिस्टिंग डेटा फाइल" निवडून जुनी पीएसटी दाखवा, नाहीतर रिकामी नवी फाइल तयार होते आणि मेल गेला म्हणून घाम फुटतो.
४. खाली "प्रॉम्प्ट फॉर अ प्रोफाइल" निवडा आणि आउटलुक उघडा. विचारेल तेव्हा नवे नाव निवडा.

इथे जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही अशी तक्रार हटकून येते. साधा पासवर्ड घेणारी जुनी पद्धत गूगलने बंद केली आहे. आउटलुकची आवृत्ती नवी असेल तर ब्राउझरसारखी लॉगिनची खिडकी येते. जुनी असेल तर खात्यावर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो.

संदेशात पीएसटी फाइलचे नाव येत असेल तर बिघाड फाइलमध्येच आहे. त्यासाठी ऑफिससोबतच एक दुरुस्तीचे साधन येते, वेगळे विकत घ्यायची गरज नाही. नेटवर "मोफत तपासा, दुरुस्तीला पैसे भरा" म्हणणारी साधने डझनाने आहेत. आधी घरचे वापरा. त्याचे नाव स्कॅनपीएसटी. प्रोग्रॅम फाइल्स, त्यात मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यात रूट, त्यात ऑफिस१६ या फोल्डरमध्ये ते असते. ऑफिस २०१९, २०२१ किंवा ३६५ असले तरी फोल्डरचे नाव १६च. तिथे नसेल तर कंसात एक्स८६ लिहिलेल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये बघा.

आउटलुक बंद आहे याची खात्री करा, स्कॅनपीएसटी उघडा, ब्राउझ करून फाइल दाखवा आणि स्टार्ट दाबा. चुका सापडल्या की रिपेअरचे बटण येते. बॅकअपची खूण तशीच राहू द्या, पण त्यासाठी ड्राइव्हवर तेवढीच जागा मोकळी लागते. फाइल १२ जीबीची असेल तर आणखी १२ जीबी. मोठ्या फाइलला काही तास लागू शकतात, मधे खिडकी "नॉट रिस्पॉन्डिंग" दाखवते तेव्हा घाबरून बंद करू नका. एकदा झाले की पुन्हा चालवा, चुका नाहीत असे सांगेपर्यंत. दोन-तीन फेऱ्या नेहमीच्याच. नंतर आउटलुकमध्ये लॉस्ट अँड फाउंड नावाचे फोल्डर दिसले तर त्यात जागा चुकलेले मेल असतात, तेही बघून घ्या.

फाइल पुन्हा पुन्हा बिघडते का? मग ती ठेवली कुठे आहे ते तपासा. विंडोज ११ मध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा नकळत वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, जोडलेले असते. आउटलुक फाइल उघडी ठेवतो, वनड्राइव्ह तीच वर चढवायला बघतो आणि दोघांची ओढाताण होते. दुसरा प्रकार म्हणजे पीएसटी ऑफिसच्या दुसऱ्या मशिनवर ठेवून लॅनवरून उघडणे. मायक्रोसॉफ्ट स्वतःच ते करू नका म्हणते. आउटलुक बंद करून फाइल सी किंवा डी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये हलवा, उघडताना नवा पत्ता दाखवा. आणि आकाराकडे लक्ष असू द्या. आउटलुक २०१० पासून पुढे मर्यादा ५० जीबी आहे, पण वीसच्या पुढे गेले की साध्या हार्ड डिस्कवर रडारड सुरू होते. जुन्या वर्षांचा मेल वेगळ्या पीएसटीत काढणे बरे.

यातले काहीच चालले नाही तरच ऑफिसची दुरुस्ती. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, त्यात ऑफिसपुढच्या तीन ठिपक्यांतून मॉडिफाय. आधी क्विक रिपेअर. मग ऑनलाइन रिपेअर, त्यात अख्खे ऑफिस परत उतरते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका.

नवे आउटलुक उघडत नसेल तर त्याच यादीत आउटलुकपुढच्या ठिपक्यांतून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे रिपेअर आणि नंतर रीसेट. ते आतून वेबव्ह्यू२ या मायक्रोसॉफ्टच्या वेबपान दाखवणाऱ्या घटकावर चालते. खिडकी पांढरीच राहत असेल तर यादीतल्या वेबव्ह्यू२ रनटाइमलाही रिपेअर करा.

थंडरबर्ड

सर्वात जास्त दिसणारा संदेश: थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण उत्तर देत नाही. टास्क मॅनेजरमध्ये ते असेल तर वर सांगितल्यासारखे थांबून बंद करा. नसेल तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये पेरेंट डॉट लॉक नावाची फाइल उरलेली असते, ती पुसा. उबंटूवर तिच्या नावाआधी टिंब असते, म्हणून लपलेल्या फाइली दाखवायला कंट्रोल आणि एच दाबावे लागते.

शिफ्ट धरून चित्रावर क्लिक केले की ट्रबलशूट मोडची खिडकी येते. त्यात उघडले तर दोष ॲड-ऑनचा. खिडकी अर्धवट किंवा कोरी येत असेल तर प्रोफाइलमधली एक्सयूएल-स्टोअर डॉट जेसॉन ही फाइल काढून दुसरीकडे ठेवा. त्यात फक्त खिडक्यांचा आकार आणि जागा असते, ती नव्याने बनते. एमएसएफ शेवट असलेल्या फाइलीही नुसत्या सूची आहेत, त्या पुसल्या तर पुन्हा तयार होतात. पण त्यांच्याच नावाची, शेवट नसलेली जाडजूड फाइल म्हणजे खुद्द मेल. नवखा माणूस इथेच फसतो: "इनबॉक्स" नावाची विनाशेवट फाइल कचरा समजून उडवतो.

इनबॉक्सचे सगळे मेल त्या एकाच फाइलीत असतात, म्हणून अँटिव्हायरसही घात करतो. एका मेलमधल्या झिप फाइलीत व्हायरस सापडला की तो अख्खी इनबॉक्स फाइलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागी, टाकतो. इनबॉक्स एकाएकी रिकामा झाला तर आधी अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये बघा, फाइल परत आणा, तो मेल पुसा आणि मग थंडरबर्डचे प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा. जोडलेली फाइल डाउनलोड करून उघडाल तेव्हा अँटिव्हायरस तिला तपासतोच.

"तुम्ही जुनी आवृत्ती उघडली आहे" असा संदेश आला, तर कोणीतरी जुना इन्स्टॉलर परत चालवला आहे. नव्या प्रोफाइलचे बटण दाबू नका, नवीन आवृत्ती टाका, जुने प्रोफाइल जसेच्या तसे उघडेल. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर ११५ हीच शेवटची आवृत्ती चालते.

"एक्सपीकॉम लोड झाले नाही" म्हटले तर मात्र प्रोग्रॅमच्याच फाइली बिघडल्या. इथे काढून परत टाकणे हाच इलाज, मेलला काही होत नाही.

करंट आणि घड्याळ

मेल-फाइली बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे चालू मशिनचा करंट जाणे. वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमला बोलून उपयोग नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस एका मशिनला काही मिनिटे देतो आणि ती मिनिटे काम पुढे रेटायला नसून प्रोग्रॅम बंद करायला असतात. थंडरबर्ड फोल्डर कॉम्पॅक्ट करत (पुसलेल्या मेलची जागा मोकळी करत) असेल किंवा स्कॅनपीएसटी चालू असेल तर ती वेळ करंट जाण्याची नको, एवढे बघा.

करंट जाऊन आल्यावर तारीख मागच्या वर्षांत गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. प्रोग्रॅम उघडेल, पण सर्टिफिकेट चुकीचे म्हणत सर्व्हरशी बोलणार नाही. सेल बदला, तारीख लावा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

मशिन देताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, खाते पॉप की आयमॅप, आणि मेलच्या फाइलीचा पत्ता व आकार. कॉपी हातात नसेल तर "फॉरमॅटआधी या फाइलीची कॉपी" हेही लिहा, तोंडी सांगितलेले गर्दीत राहून जाते.

कॉपी घेताना ती दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल, किंवा पेटीतून टिकटिक ऐकू येत असेल, तर हार्ड डिस्कच जात आहे. स्कॅनपीएसटी चालवू नका, डिस्क चेकही लावू नका. दोन्ही डिस्क घासत राहतात आणि उरलासुरला मेलही वाचता येत नाही. मशिन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे ती डिस्क तशीच द्या.